मार्ताकडे राहिलेलं उत्तर

साटमसरांशी माझी ओळख झाली ती एका सवयीच्या वाक्यामुळे. अन्नपूर्णा भागात आम्ही फ्लॅट घेतला, सामान लागलं, आणि समोरच्या दारातले गृहस्थ जिन्यात भेटले तेव्हा मी म्हणालो, "या कधी चहाला." इंदूरमध्ये हे वाक्य आपण दिवसभरात कितीतरी जणांना म्हणतो आणि त्याचा अर्थ एवढाच असतो, की बरं आहे, चला. सर एक पायरी खाली उतरले होते, ते परत वर आले.

"कधी येऊ?"

"अं? या ना, कधीही."

"कधीही आलो तर तुमची गैरसोय होईल. रविवारी पाच वाजता चालेल?"

मी चालेल म्हणालो आणि विसरलो. रविवारी सुनीता, माझी बायको, केस धुऊन बाल्कनीत बसली होती. घंटी वाजली. दारात साटमसर, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात लौंग सेवेची, म्हणजे लवंग घातलेल्या शेवेची पुडी.

"लो, आले पण," सुनीता आत येऊन मला म्हणाली. "बोलावलंत तुम्ही आणि मला बताया भी नहीं?"

हा माणूस शब्द शब्दासारखाच घेतो, हे त्या दिवशी कळलं. त्यात हट्ट नव्हता, चेष्टाही नव्हती. कोपऱ्यावरचा किराणावाला त्यांना "सरजी, बस दो मिनट" म्हणाला की ते दोन मिनिटं उभे राहत आणि मग शांतपणे निघून जात. किराणावाला मागून ओरडायचा, "अरे सरजी, बोलने का तरीका है!" सर वळून म्हणायचे, "मग दहा म्हणायचं. मी दहा थांबलो असतो." शेवटी त्या दुकानात एक रिवाजच पडला. गर्दी असली की नोकर आतून विचारायचा, "भिया, सरजी को कितना बोलूँ?"

माझा धंदा विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्याचा. लोक जे सांगतात ते एका बाजूला आणि जे झालेलं असतं ते दुसऱ्या बाजूला, असं मांडायची मला तीस वर्षांची सवय. त्यामुळे सरांचं मला पहिल्यापासून बरं वाटलं. त्यांच्या बाबतीत दोन बाजू कराव्याच लागत नसत. या लेखातही मी पाहिलेलं पाहिलं म्हणूनच लिहिणार आहे, आणि ऐकलेलं ऐकलं म्हणून.

ऐकलेली एक गोष्ट आधी सांगतो. सर एका मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवत. ती शाळा आता बंद झाली. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला सांगितलं, की सहामाहीच्या निकालाच्या आदल्या दिवशी वर्गातला एक मुलगा हसत हसत म्हणाला, "सर, फेल झालो तर मर जाऊँगा." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. संध्याकाळी ते जुनी इंदूरमध्ये त्या मुलाच्या घरी गेले आणि त्याच्या आईवडिलांसमोर बसून राहिले. आईवडील चहा देत होते, पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सर, बच्चा है, ऐसे ही बोला होगा." मुलगा आतून बाहेर येईना. शेवटी आला आणि सरांच्या पायाशी बसून रडला. त्याच्या मनात खरोखर काही होतं की नाही, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून मीही लिहीत नाही. मात्र पुढे तो मुलगा सरांना दर दिवाळीला भेटायला यायचा. त्याला मी पाहिलेलं आहे.

वर्गात त्यांनी कुणाला "तंगडं मोडीन" म्हटलं नाही, की "परत तोंड दाखवू नकोस" म्हटलं नाही. एवढी वर्षं शिक्षकी करून हे कसं जमलं, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "कुणी खरं धरलं तर?"

सर मूळचे कोकणातले, मालवणच्या पुढच्या एका गावातले, हे आम्हाला त्यांच्या आडनावावरून आणि अधूनमधून येणाऱ्या सुक्या बोंबलाच्या वासावरून माहीत होतं. बोंबील भाजायचा असला की ते आधी वरच्या जैन कुटुंबाला सांगून येत. तोंडात मात्र कोकण नव्हतं. आमच्यासारखीच हिंदीत भिजलेली मराठी बोलत. घरच्यांचा विषय काढत नसत. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी कुसुमताई इथल्याच होत्या, त्या आम्ही राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी गेल्या.

सरांच्या स्वभावातली एक गोष्ट मला तेव्हा खटकली, ती इथे मांडतो. कॉलनीत कुणी गेलं की सर सगळं करत. डॉक्टरांचा दाखला, फोन, तिरडीचं सामान, घरातल्या म्हाताऱ्यांना पाणी पाजणं. मग सगळ्यांबरोबर चालत कोपऱ्यापर्यंत येत, तिथे हात जोडत आणि मागे फिरत. स्मशानात ते कधीच आले नाहीत. माझ्या वडिलांच्या वेळी आले नाहीत. आणि स्वतःच्या बायकोच्या वेळीही आले नाहीत. कुसुमताईंना अग्नी त्यांच्या माहेरकडच्या भावानं दिला. कोपऱ्यावर किराणावाल्याच्या दुकानापाशी सर हात जोडून उभे राहिले आणि आम्ही सगळे त्यांना ओलांडून पुढे गेलो. लोक काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मीही घरी येऊन सुनीताला म्हणालो, "माणूस बाकी ठीक आहे, पण आतून दगड आहे." ती म्हणाली, "दगड को बुखार नहीं आता." त्या रात्रीपासून आठवडाभर सर तापानं फणफणले होते आणि सुनीता त्यांना पेज नेऊन देत होती.

यानंतर मार्ता आली.

आमची मुलगी ईशा शाळांच्या अदलाबदलीच्या कार्यक्रमात वर्षभरासाठी पोलंडला गेली आणि तिकडची सतरा वर्षांची मार्ता आमच्याकडे राहायला आली. उंच, डोळ्यांवर चष्मा, जेवायला कशालाही नाही न म्हणणारी. तिला हिंदी शिकायचं होतं, पण घरात कानावर मराठी पडायची, म्हणून दोन्ही शिकू लागली. सुनीतानं तिला सरांकडे पाठवलं. रोज संध्याकाळी तासभर ती त्यांच्यासमोर ताठ उभी राहून वाक्यं म्हणायची. सरांची एकच अट होती. वाक्य पूर्ण करायचं, कर्ता-क्रियापदासकट, मग चूक असलं तरी चालेल.

त्यांचं जमलं ते आमच्या कल्पनेबाहेर. मार्ताला आमच्या "हो हो, बघू" या बोलण्याचा फार त्रास व्हायचा. बघू म्हणजे हो की नाही, असं ती विचारत बसायची. सरांकडे तिला तो त्रास नव्हता. ईशाच्या मैत्रिणी आल्या की ती त्यांच्याशी ओळख करून द्यायची, "हे सरजी आहेत. माझे दोस्त आहेत." मुली हसायच्या. सर म्हणायचे, "त्यात हसायचं काय? तिनं विचारलं होतं, मी हो म्हणालो."

डिसेंबरात सरांना पोटाचं दुखणं निघालं. रिपोर्ट आणायला मी बरोबर गेलो होतो. डॉक्टर तरुण होते, विजय नगरच्या एका मोठ्या इमारतीत बसायचे. त्यांनी बरंच इकडचं तिकडचं बोलून सांगितलं, "साल भर मान के चलिए, अंदाज़न."

"हा अंदाज सहसा कुठल्या बाजूला चुकतो?" सरांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सर त्यांच्याकडेच पाहत राहिले. "कम की तरफ," डॉक्टर म्हणाले.

"धन्यवाद," सर म्हणाले. बाहेर आल्यावर लिफ्टपाशी मला म्हणाले, "चांगला डॉक्टर आहे."

त्यानंतर पंधरवड्यातच ते आमच्याकडे आले आणि मार्तासमोर म्हणाले, "जानेवारीत तीन दिवसांची जोडून सुट्टी आहे. हिला समुद्र बघायचा आहे. माझ्या गावी माझा भाऊ असतो, घर पाण्याजवळ आहे. घेऊन जाऊ?" मार्ता आधीच उड्या मारायला लागली होती. "काकाजी, प्लीज! मला लहर बघायची आहे, एकदम पास से!" तिचा देश समुद्राला लागलेला असला तरी तिचं गाव डोंगरातलं. कार्यक्रमाचा नियम असा, की मुलीला शहराबाहेर न्यायचं तर यजमानांपैकी एक जण बरोबर पाहिजे. सुनीताला रजा नव्हती. मी निघालो.

विमानानं गोवा आणि तिथून भाड्याची गाडी. गाडीत बसल्यावर सर पहिल्यांदा बोलले. भाऊ मधुकर त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. भावजयीला फोन केला होता, तिला एवढंच सांगितलं होतं, की एक परदेशी मुलगी समुद्र बघायला येते आहे, तिच्याबरोबर तिचे पालक आहेत आणि मी आहे.

"भावाशी नाही बोललात?"

"तो माझ्याशी बोलत नाही. वडील गेल्यापासून."

वडील जाऊन किती काळ झाला, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी मनात वजाबाकी केली. मधुकरराव तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे असणार.

"म्हणजे तुम्ही या पोरीला पुढे करून घरात शिरताय," मी म्हणालो. मला खरोखर राग आला होता.

"हो," सर म्हणाले. "पाहुण्याला ते दारातून परत पाठवणार नाहीत."

मार्ता खिडकीत कपाळ टेकवून झोपली होती. फाटा आला तेव्हा ड्रायव्हरनं रस्ता विचारला आणि सर पुढे वाकून म्हणाले, "हंयसून उजव्याक घे रे. थंय वडाकडे हळू." मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा आवाज मी ऐकलाच नव्हता.

घर कौलारू, लहान, नीट राखलेलं. मागे माडांची रांग आणि तिच्यामागे समुद्राचा आवाज. मधुकरराव ओट्यावर उभे होते. सरांसारखेच कान, सरांसारखीच मान, फक्त उन्हानं रापलेली. त्यांनी मला नमस्कार केला. मार्ताला म्हणाले, "ये गो बाय, आत ये." सरांकडे पाहिलं नाही. भावजय, शुभांगीवहिनी, गूळपाणी घेऊन आल्या. माझ्या आणि मार्ताच्या हातात पेला दिला, तिसरा पेला त्यांनी सरांच्या शेजारी कट्ट्यावर ठेवला.

पहिल्या जेवणाला हा प्रकार सुरू झाला. मधुकरराव पंगतीत बसले होते, सर समोर, मध्ये मार्ता. मधुकरराव मार्ताला म्हणाले, "त्याला विचार, भात वाढू का?"

मार्तानं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. सर तिला म्हणाले, "सांग, थोडा."

"ते म्हणतात, थोडा," मार्तानं मधुकररावांना सांगितलं.

भात वाढला गेला.

अबोला असलेली घरं मी पाहिलेली आहेत. आमच्या नात्यात दोन जावा नातवाच्या मार्फत बारा वर्षं बोलल्या. पण तिथे नातू घरचा असतो, त्याला सगळं ठाऊक असतं, तो अर्धं गाळतो आणि अर्धं मऊ करतो. मार्ता काही गाळत नव्हती. तिला वाटलं ही इकडची पद्धत असावी, किंवा तिच्या मराठीची परीक्षा. एकीकडून ऐकायची, मनात वाक्य जुळवायची आणि दुसरीकडे पूर्ण करून ठेवायची. मधुकररावही तिला समजावं म्हणून सावकाश, शाळेत शिकवतात तशी मराठी बोलायचे.

"विचार, पेन्शन मिळते का?"

"सांग, मिळते."

"विचार, बायको कशानं गेली?"

"सांग, हृदय बंद पडून."

"सांग, आम्हाला कळवलं नाही."

यावर सरांनी हातातला घास पानात ठेवला. "सांग, चूक झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्ता समुद्रावर गेली. मी तिच्याबरोबर गेलो. तिनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, लाटेत उभी राहिली आणि आनंदानं ओरडली. मग परत येऊन वाळूत बसली आणि म्हणाली, "काकाजी, ते दोघे भाऊ आहेत. एका खोलीत आहेत. एकमेकांचं ऐकू येतं. तो मैं क्यों बोलती हूँ?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. तिनं विचारलं, "मी बंद करू?" मी म्हणालो, तुझी इच्छा. तिनं बराच विचार केला. "मी बंद केलं तर ते काहीच नाही बोलणार," ती म्हणाली, आणि चपला हातात घेऊन घराकडे चालू लागली.

संध्याकाळी चहाच्या वेळी ओट्यावर सगळं निघालं. सुरुवात सरांनी केली. मार्ताला म्हणाले, "त्याला सांग, मी का आलो नव्हतो ते मला सांगायचं आहे."

"सांग, मला ठाऊक आहे. त्याला नोकरी मोठी होती."

"सांग, तसं नाही. मी इंदूरला निघालो तेव्हा बाबा म्हणाले होते, मी मेलो तरी तोंड बघायला येऊ नकोस. हे ते याच ओट्यावर उभे राहून म्हणाले होते. तार मिळाल्यावर मी निघालो. कणकवलीच्या स्टँडपर्यंत आलो. तिथून मागे फिरलो. ते नको म्हणाले होते."

हे मोठं वाक्य मार्ताला जमेना. ती तुकड्यांत सांगू लागली. पण मधुकरराव तिचं ऐकतच नव्हते. ते उठून उभे राहिले होते.

"तेका सांग," त्यांची शाळेतली मराठी सुटली होती, "बाबा माकाय तसाच म्हणायचे! वर्साक चार येळा! जाळा फाटला तरी म्हणायचे, उशिरा उठलंय तरी म्हणायचे!"

सरांच्या हातातला कप खाली आला. ते म्हणाले, "विचार, मग तू काय करायचास?"

मधुकरराव एकदम बसले. आवाज खाली आला. मार्ताकडे पाहून, शब्द शब्द सुटा करून म्हणाले, "सांग, संध्याकाळी जेवायला घरी यायचो."

शुभांगीवहिनी दारातून आत निघून गेल्या. मार्तानं ते वाक्य सरांना सांगितलं. सरांनी मान हलवली.

"आणि सांग," मधुकरराव म्हणाले, "दोन दिवस आम्ही थांबलो. थोरला येईल, तोच अग्नी देईल, असं आई म्हणाली. बंदरावरून बर्फ आणला. बाबांका बर्फात ठेवलंव. सुरमय ठेवतंत तसा."

मार्ताचं तोंड उघडं राहिलं. मी उठलो, तिला आत न्यायला. सर म्हणाले, "हे नको सांगूस, बाळा. मी ऐकलं."

 नंतर मला कळलं, की सर बायकोच्याही चितेपर्यंत का गेले नव्हते. त्यांनीच सांगितलं, रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या, न विचारता: "ज्यानं बापाला दिला नाही त्यानं कुणालाच देऊ नये, असं मी ठरवलं होतं. कुसुमला ते पटलं नव्हतं. पण तिनं मोडायला लावलं नाही."

पण ओट्यावरचं अजून राहिलं आहे. अंधार पडायच्या आत सरांनी मार्ताला पुन्हा हाक मारली. "त्याला विचार, माझ्या वेळी तू येशील का?"

"कौन से टाइम, सरजी?"

"मी मरेन तेव्हा. मला मूल नाही. भावानं अग्नी दिलेला चालतो. विचार, येशील का."

सरांचं दुखणं मार्ताला माहीत नव्हतं. आम्ही तिला सांगितलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं, आणि ती मधुकररावांकडे वळली. वाक्य तिनं पूर्ण केलं. "ते विचारतात, ते मरतील तेव्हा तुम्ही याल का?"

मधुकरराव उठले. ते माडांकडे निघून गेले. त्या रात्री जेवायला सुरमई होती. मी खाल्ली नाही.

सकाळी निघायची वेळ झाली. शुभांगीवहिनींनी मार्ताला सोलं, पोह्याचे पापड बांधून दिले. तिची ओटी भरली. गाडी अंगणात लागली होती. सर गाडीच्या दाराशी उभे, मधुकरराव ओट्याच्या पायरीवर, दोघांत पाचेक हात अंतर. मार्ता पिशवी घेऊन मध्ये आली तेव्हा मधुकरराव म्हणाले, "बाय, थांब."

ती थांबली.

"काल त्यानं विचारलं होतं. त्याला सांग, मी येणार नाही."

सगळ्यांनी ऐकलं. ड्रायव्हरनंही ऐकलं. सर जागचे हलले नाहीत. ते मार्ताकडे पाहत होते, वर्गात मुलगा फळ्यापाशी उभा असताना शिक्षक पाहतो तसे.

मार्ताच्या हातातून पिशवी खाली आली. "नाही," ती म्हणाली. "हे मी नाही सांगणार. आप बोलो. तुम्ही सांगा."

मधुकररावांनी एकदा, त्या तीन दिवसांत एकदाच, भावाकडे सरळ पाहिलं. ओठ हलले असं मला वाटलं, पण ते माझं वाटणं आहे. मग ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

परतीच्या वाटेवर मी सरांना म्हणालो, "सर, वाईट वाटलं."

"कशाचं?"

"भाऊ असं म्हणाला त्याचं."

"मला अजून उत्तर मिळालेलं नाही," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. भ्रम झालेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. त्यांना उत्तम ऐकू येत होतं. बर्फाचं त्यांनी आदल्या दिवशी ऐकलं होतं आणि ऐकलं म्हणून सांगितलंही होतं. हे त्यांनी घेतलं नव्हतं. एका शब्दावरून ज्यानं सगळं आयुष्य वाकडं घालवलं, त्या माणसानं पहिल्यांदाच एक शब्द दारात उभा ठेवला होता.

पुढचे महिने तसेच गेले. मार्च-एप्रिलमध्ये ते झपाट्यानं उतरले. सुनीता डबा पोचवायची, तो बहुधा तसाच परत यायचा. मार्ता संध्याकाळी जायची, पण आता वाक्यं म्हणायला नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी बसून अभ्यास करायची. तिचं वजन उतरलं. ईशाशी फोनवर बोलताना ती रडते, असं ईशानं आम्हाला कळवलं. सुनीतानं एकदा सरांना सरळ विचारलं, "सर, भावाचं काय ठरलं?" सर म्हणाले, "उत्तर यायचं आहे." स्वयंपाकघरात येऊन सुनीता मला म्हणाली, "ये आदमी उस लड़की को भी साथ ले जाएगा."

जे घडलं ते इथेच सांगून टाकतो. पावसाळा संपता संपता सर गेले, सकाळी, घरीच. मी मधुकररावांना फोन केला. त्यांनी उचलला, सगळं ऐकून घेतलं, "कधी" एवढंच विचारलं आणि ठेवला. लोक विचारत होते, थांबायचं का. मी संध्याकाळपर्यंत थांबलो. कुणी आलं नाही. अग्नी मी दिला. किराणावाला दुकान बंद करून शेवटपर्यंत उभा होता.

त्याआधीचे सर मला बरेचदा आठवतात, दवाखान्यातले, खाटेवरचे. पण डोळ्यांसमोर येतात ते जूनमधले, मार्ता परत गेली त्या दिवशीचे. विमानतळावर येतो म्हणाले, म्हणून त्यांना गाडीत पुढे बसवलं. अंगावरचा शर्ट इस्त्रीचा, आणि आत माणूस उरला नव्हता. सुनीताचा निरोप घेऊन झाला, सामान ट्रॉलीवर चढलं. सर मार्ताला म्हणाले, "तुझ्याकडे माझं काहीतरी राहिलं आहे."

तिला लगेच कळलं. "नाही सरजी. नको."

"तू ते तिकडे घेऊन जाशील. मग मी गेल्यावर तुला ते कुणाला देता येणार नाही. सांग."

"आपको मालूम है!"

"मला उत्तर मिळालेलं नाही. सांग. उभी राहा नीट."

ती सरळ उभी राहिली. भोवती गाड्या लागत होत्या, लोक ट्रॉल्या ढकलत होते. हिंदीचा एकही शब्द न घालता तिनं म्हटलं, "ते म्हणाले, मी येणार नाही."

"बरोबर," सर म्हणाले. "पूर्ण वाक्य. आता ते तुझ्याकडे नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा आता."

ती काचेच्या दारातून आत गेली. सुनीता रडत मागे बसली. मी गाडी काढली.  मग सर समोर पाहत म्हणाले, "पुराणिक, तुम्हाला एक विचारायचं आहे. नात्यातला नाही म्हणून अडत नाही, मी भटजींना विचारून ठेवलं आहे. तुम्ही द्याल का? घाईनं हो म्हणू नका. नाही असेल तर गाडी बाजूला घ्या आणि सांगा. हो असेल तर चालवत राहा."

मी चालवत राहिलो. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून, समोरच्या बसच्या मागे. पुढच्या चौकात दिवा लाल झाला आणि मला ब्रेक लावावा लागला. गाडी थांबली तशी सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सिग्नल आहे, सर," मी म्हणालो.

"हो का," ते म्हणाले, आणि दिवा हिरवा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.